तिखट कुणाला, किती?

मारुंजीच्या एका घरची हकीकत सांगतो. घर लहानच आहे. नवरा-बायको, म्हातारे सासरे आणि चार वर्षांची मुलगी. पूर्वी गावाभोवती भाताची खाचरे होती. मग शेजारी हिंजवडीला संगणकाच्या मोठमोठ्या कंपन्या आल्या. त्यांच्यामागून लांबलांबची माणसे कामाला आली. गावातल्या खोल्या भाड्याने गेल्या. या माणसांना दोन वेळचे घरचे जेवण हवे असते. म्हणून या घरच्या वहिनींनी डबे सुरू केले. सहा डबे. चार पैसे हातात येऊ लागले.

एके दुपारी आम्ही त्यांच्याकडे गेलो, तेव्हा डबे परत आले होते. वहिनी एकेक डबा उघडून बघत होत्या. दोन रिकामे होते. तिसऱ्यात वांग्याची भाजी जशीच्या तशी होती. मोबाईलवर निरोप आला होता. वहिनी अक्षरे जुळवीत वाचू लागल्या, "भाजी फार तिखट. खाल्ली नाही." त्याच्या खाली दुसऱ्याचा निरोप होता, "भाजी सपक झाली आहे."

भाजी एकच. पातेलेही एकच.

वहिनी कपाळाला हात लावून म्हणाल्या, "आता तुम्हीच सांगा, कुणाचं ऐकू? सोमवारी एकानं डबा बंद केला. आणखी एकानं केला तर गॅसचं पैसं बी निघायचं नाहीत. दोन भाज्या वेगळ्या कराव्या तर तेवढा वेळ कुठाय?"

घरातही तीच तऱ्हा. नवऱ्याला ताटात ठेचा नसला तर घास उतरत नाही. मुलगी लाल रस्सा पाहिला की उठून पळते. सासरे सगळी भाकरी दुधात कुस्करून खातात.

त्या दिवशी आम्ही त्यांच्याबरोबर ओट्यापाशी बसलो. जे बोलणे झाले आणि जे करून पाहिले, ते इथे लिहीत आहोत.

पहिली गोष्ट अशी. आपण दुकानात जातो आणि म्हणतो, "पावशेर तिखट द्या." मिरचीच्या पुडीला आपण तिखटच म्हणतो. पण ही पूड भाजीत तीन कामे करते. जिभेला झोंबते, हे एक. भाजीला लाल रंग आणते, हे दुसरे. आणि खमंग वास देते, हे तिसरे. पुष्कळ घरी काय होते? रस्सा फिका दिसतो म्हणून आणखी चमचाभर पूड टाकतात. हवा असतो रंग. मिळतो चटका. रंगाची मिरची वेगळी आणि झोंबणारी मिरची वेगळी, हे लक्षात आले की निम्मे काम झाले.

बाजारात या दोन्ही मिळतात. ब्याडगी मिरची लांब, गडद लाल आणि सुरकुतलेली असते. कर्नाटकात हावेरी जिल्ह्यात ब्याडगी नावाचे गाव आहे. त्या गावावरून तिला हे नाव पडले. २०११ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे ते नाव त्याच भागातल्या मिरचीला लावायचे, असे कायद्याने ठरले. ही मिरची रंगाला जोरदार आणि तिखटाला मवाळ. काश्मिरी मिरचीही रंगाचीच. संकेश्वरी मिरची बेळगावकडच्या संकेश्वरची. ती ब्याडगीहून चांगलीच तिखट. आणि लवंगी म्हणजे आकाराने एवढीशी, पण डोळ्यांतून पाणी काढील. हिरव्या मिरच्यांतही असेच आहे. ढोबळी मिरचीत तिखट जवळजवळ नसतेच. भज्यांसाठी घेतो ती जाड, पोपटी भावनगरी मिरची सौम्य असते. बारीक, गडद हिरवी मिरची बहुधा तिखट निघते. तरी नुसत्या रूपावर भरवसा ठेवू नये. एकाच झाडाच्या दोन मिरच्याही सारख्या निघत नाहीत. पाण्याचा ताण बसलेल्या झाडाची मिरची पुष्कळदा जास्त तिखट होते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. म्हणून मिरची चिरली की टोकाचा नव्हे, देठाकडचा कणभर तुकडा जिभेला लावून पाहावा.

देठाकडचाच का? तर मिरची उभी चिरून बघा. आत पांढरी शीर दिसेल. बिया तिलाच चिकटलेल्या असतात. आपण म्हणतो, बिया तिखट. खरे म्हणजे तिखट तयार होते ते त्या पांढऱ्या शिरेत. बियांना ते नुसते लागलेले असते. टोकाकडे शीर कमी, म्हणून टोक सौम्य. शीर आणि बिया सुरीच्या टोकाने खरवडून टाकल्या, तर तीच मिरची पुष्कळ मवाळ होते. वास तोच राहतो. लहान मुलांच्या पोह्यांत आम्ही अशी मिरची घालतो.

या शिरेतल्या तिखट पदार्थाला शास्त्रज्ञ कॅप्सेसिन म्हणतात. त्याचे दोन गुण लक्षात ठेवण्यासारखे आहेत. तो पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. आणि भाजी कितीही उकळली, तरी तो उडून जात नाही. पुढच्या सगळ्या युक्त्या या दोन गुणांवर उभ्या आहेत.

तिखट ही खारट-आंबटासारखी चव नाही. जिभेवर ऊन पदार्थ कळायला ज्या नसा असतात, त्यांनाच ते जाऊन लागते. मिरची थंडगार असली, तरी मेंदूला निरोप जातो की तोंड भाजले! हे कसे घडते ते डेव्हिड ज्यूलियस या अमेरिकेतल्या शास्त्रज्ञाने १९९७ साली शोधून काढले. त्यांना २०२१ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. पक्ष्यांना मात्र हे तिखट लागतच नाही. म्हणून तर पोपट हिरवी मिरची मजेत खातो. माणसाच्या जिभेला सवय होते. रोज थोडे थोडे खाल्ले की तेच तिखट कमी वाटू लागते. तेव्हा नागपूरकडच्या माणसाला जी भाजी सपक लागली, ती दुसऱ्याला जाळ लागली, यात खोटे कुणीच बोलत नव्हते.

कुणी छाती पुढे काढून म्हणतो, "आम्ही मराठी माणसं, आम्ही पूर्वीपासून तिखटच खाणार." त्याला एक गोष्ट सांगावी. मिरची मुळात आपली नव्हे. ती अमेरिका खंडातली. १४९२ साली कोलंबस तिकडे पोचला, तेव्हा ती बाहेरच्या जगाला कळली. पुढे पोर्तुगीजांनी ती आपल्या किनाऱ्यावर आणली. त्याआधी आपल्याकडे तिखटपणासाठी मिरे, आले आणि पिंपळी वापरीत. मिऱ्यांवरूनच तिला मिरची म्हणू लागले. ज्ञानेश्वर महाराजांच्या काळात महाराष्ट्रात मिरचीचा ठेचा कुणी चाखलाच नव्हता. आणि जेवण तर तेव्हाही होतच होते की!

मिरची किती तिखट हे मोजण्याचीही एक रीत आहे. १९१२ साली अमेरिकेतल्या स्कोविल नावाच्या औषधशास्त्रज्ञाने ती काढली. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात मिसळायचा. चाखणाऱ्याला तिखट लागेनासे होईपर्यंत पाणी वाढवीत जायचे. जितके जास्त पाणी लागेल, तितकी मिरची तिखट. ढोबळी मिरचीचा आकडा शून्य. ईशान्य भारतातल्या भूत जोलोकिया मिरचीचा आकडा २००७ साली दहा लाखांवर नोंदवला गेला. आता यंत्राने मोजतात. जीभ सुटली बिचारी!

आता डब्यांकडे वळू.

एकाच स्वयंपाकात कमी आणि जास्त तिखट कसे करायचे, हे आपल्या लोकांना मुळीच नवे नाही. कोल्हापूरकडे मटण करताना बघा. आधी मटण हळद, मीठ, आले-लसूण लावून शिजवतात. त्याचे जे पाणी निघते त्याला अळणी म्हणतात. हे अळणी लहान मुलांना, आजाऱ्याला भाताबरोबर देतात. मग त्याच पाण्यात नारळाचे दूध घालून पांढरा रस्सा होतो आणि तिखट मसाला घालून तांबडा. म्हणजे पातेले एकच चढते आणि जेवायला घरातली तिन्ही तऱ्हेची माणसे बसतात. मिसळीचेही तसेच. लाल कट वेगळा ठेवलेला असतो. ज्याला जेवढा सोसेल तेवढा तो घेतो. मग रोजच्या वांग्याच्या भाजीला हाच न्याय का लावू नये?

वहिनींकडे आम्ही तसेच केले. दहा माणसांचा अंदाज धरला. एक किलो वांगी घेतली. चार कांदे आणि वाटीभर सुके खोबरे भाजून, आले-लसूण घालून वाटण केले. तेलात मोहरी-जिऱ्याची फोडणी केली. वाटण परतले. हळद, धने-जिऱ्याची पूड, मीठ घातले. मग वांगी घालून पाणी ओतले. शेवटी वाटीभर शेंगदाण्याचा कूट. इथपर्यंत मिरचीचे नाव नाही. वांगी शिजल्यावर मुलीची आणि सासऱ्यांची वाटी आधी काढून ठेवली.

उरलेल्या भाजीत ब्याडगीची दोन चमचे पूड घातली आणि एक उकळी आणली. रंग असा आला की नवरा आत डोकावून गेला. तिखट मात्र बेताचेच. ही झाली सगळ्यांची भाजी.

आता मुख्य काम. लहान कढईत अर्धी वाटी तेल चांगले तापवले आणि गॅस बंद केला. तेल जरा निवू दिले. मग त्यात ठेचलेला लसूण आणि संकेश्वरी-लवंगी मिरचीची दीड चमचा पूड टाकली. लगेच त्यात पळीभर रस्सा ओतला. ही झाली तर्री. घाई करून कडकडीत तेलात पूड टाकली तर ती काळी पडते. भाजी कडू होते आणि घरभर ठसका उठतो. आमचे पहिल्या वेळी तेच झाले. ती तर्री फेकावी लागली आणि शेजारीणसुद्धा खोकत बाहेर आली.

तर्री म्हणजे तेलात उतरवून ठेवलेले तिखट. ती वेगळ्या वाटीत असली की तिखट आपल्या हातात आले. एका डब्यात मुळीच नाही. दोन डब्यांत एकेक चमचा. नागपूरच्या माणसाच्या डब्यात अडीच. भाजी दोनदा करावी लागली नाही. वेळ वाढला तो दहा मिनिटांचा. हीच रीत आमटीला, मटकीच्या उसळीला, पिठल्याला चालते. सुक्या भाजीला तर्री चालत नाही. तिथे भाजी सौम्य ठेवावी आणि बरोबर ठेच्याची लहान पुडी द्यावी.

हिरव्या मिरचीच्या बाबतीत कापण्यावरही पुष्कळ असते. अख्खी मिरची पोटात एक चीर देऊन फोडणीत टाकली, तर ती वास देते आणि थोडे तिखट सोडते. वाढताना ती काढून घेता येते. चीर न देता टाकली तर ती फुटून तेल अंगावर उडते, हे सांभाळावे. बारीक चिरली तर तिखट जास्त उतरते. वाटली तर सगळेच उतरले, मग परत घेता येत नाही. सांडगी मिरची करताना आपण मिरचीला चीर देऊन मसाला भरतो, दह्या-ताकात भिजवून उन्हात वाळवतो. ताकात ती मवाळ होते. दुधात, दह्यात जे प्रथिन असते ते तिखटाला धरून ठेवते. तोंड पोळले की पाणी पिऊन भागत नाही, ते याचमुळे. पाण्याने तिखट तोंडभर पसरते. त्या वेळी दूध, दही, ताक घ्यावे. तेही नसेल तर भाकरीचा कोरडा घास चघळावा.

भाजी आधीच जास्त तिखट होऊन बसली तर? आमची एक फजिती सांगतो. एका शिबिरात पन्नास माणसांची आमटी होती. डब्यावर नाव लिहिलेले नव्हते. ब्याडगीची समजून आम्ही लवंगीची पूड ओंजळभर ओतली. चव पाहिली आणि घाबरून दोन कळशा पाणी ओतले. आमटी पातळ झाली, पण झोंबायची थांबेना. मीठ तेवढे कमी झाले. तेव्हा एक म्हातारी आजी पुढे आल्या. म्हणाल्या, "पानी काय वतताय? वरचं त्याल काढा की!" त्यांनी आमटी हलवू दिली नाही. पाच मिनिटे तशीच ठेवली. वर लाल तेलाचा थर आला. पळी आडवी धरून तो थर त्यांनी अलगद काढला. तिखट तेलात असते, म्हणून तेलाबरोबर ते निघून आले. मग शिजलेली डाळ आणि थोडे ओले खोबरे घातले, गुळाचा खडा टाकला. आमटी खाण्याजोगी झाली. काढलेले तेल फेकले नाही. शिबिरातल्या चौघांनी ते मागून घेतले.

बटाटा टाकला की तिखट शोषून घेतो, असेही म्हणतात. तो ओढून असे काही घेत नाही. बटाट्याने भाजी वाढते, म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला तिखट कमी येते, एवढेच. दही घालायचे तर गॅस बंद करून, फेटून घालावे. नाहीतर फाटते.

त्या दिवसापासून आमच्याकडे प्रत्येक पुडीच्या डब्यावर कागद चिकटवलेला असतो. एकावर 'रंगाची', दुसऱ्यावर 'तिखट'.

वर्षाचा मसाला उन्हाळ्यात करतो, तेव्हाच ही वाटणी करावी. सगळ्या मिरच्या एकत्र करून डंकावर नेऊ नयेत. ब्याडगी आणि संकेश्वरी-लवंगी अशा दोन वेगळ्या पुड्या कुटून आणाव्यात. मिरची घेताना मोडून बघावी. दमट, काळे डाग पडलेली, बुरशीचा वास येणारी मिरची स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. बुरशीचे विष शिजवून जात नाही. सुटी पूड घ्यावी लागली तर चमचाभर पूड पेलाभर पाण्यात टाकून पाहावी. विटेची भुकटी असेल तर ती तळाशी बसते आणि बोटाने चोळली की खरखरते. पाण्यात रंगाच्या रेघा खाली उतरू लागल्या तर रंग कालवलेला समजावा.

मिरच्या निवडल्यावर हात नुसत्या पाण्याने धुऊ नयेत. आधी गोडेतेल चोळावे, मग साबण लावावा. त्याच हातांनी लेकराला घेऊ नये. डोळ्यात गेले तर चोळू नये. स्वच्छ पाण्याने दहा-पंधरा मिनिटे धूत राहावे. तरी आग थांबली नाही तर डॉक्टरांकडे जावे.

मुलांना तिखट शिकवण्याची काही घरी फार घाई असते. "खा, मर्दासारखा खा," म्हणून पोराच्या डोळ्यांतून पाणी काढतात. आम्हाला हे आवडत नाही. मूल सहा महिन्यांचे झाले की त्याला वरचे जेवण सुरू होते. त्याचा वाटा मिरची घालण्याआधीच काढावा. पुढे मोठ्यांचे पाहून ते आपणच मागते. मग चिमूटभर द्यावे. हिरव्या मिरचीत क जीवनसत्त्व भरपूर असते हे खरे. हंगेरी देशातल्या सेंट-ग्यॉर्गी या शास्त्रज्ञाने तर हे जीवनसत्त्व तिथल्या मिरच्यांतूनच मोठ्या प्रमाणात काढले. १९३७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ते सांगत की एका रात्री बायकोने जेवणात ती मिरची वाढली. त्यांना ती खायची नव्हती, म्हणून ती घेऊन ते प्रयोगशाळेत गेले! पण मुलाला हे जीवनसत्त्व पेरूतून, आवळ्यातून, लिंबातूनही मिळते.

मिरचीने पोटात अल्सर होतो, असे फार वर्षे समजत. १९८२ साली ऑस्ट्रेलियात मार्शल आणि वॉरन या दोन डॉक्टरांना जठरात एक जंतू सापडला. अशा पुष्कळ जखमांच्या मागे हाच जंतू असतो. काही जखमा अंगदुखीच्या गोळ्यांनी होतात. मिरचीने आधीची आग वाढू शकते. पण नुसती मिरची सोडून जखम बरी होत नाही. पोट सारखे दुखत असेल तर दवाखाना गाठावा.

आता सासऱ्यांचे सांगायचे राहिले. आम्ही त्यांना विचारले, "बाबा, तुम्ही पहिल्यापासून दुधातच कुस्करून खाता?"

ते म्हणाले, "छे! दोन-दोन मिरच्या दातानं तोडायचो. चार महिनं झालं, काय बी सोसत न्हाय. नुसती आग."

वहिनींना वाटले होते, म्हातारपण आले. आम्हाला ते बरे वाटले नाही. जन्मभर तिखट खाणाऱ्याला एकाएकी ते सोसेनासे झाले, तर त्याला म्हातारपण म्हणून सोडून देऊ नये. तंबाखू, मिश्री, सुपारी, गुटखा यांची सवय असली तर मुळीच नाही. सुपारीने आणि गुटख्याने तोंडाची आतली कातडी ताठरते. तिखट लागले की आग होते, पुढे तोंड पुरते उघडत नाही. तोंडातली जखम किंवा पांढरा-लाल चट्टा दोन-तीन आठवड्यांत बरा झाला नाही, तर तो कर्करोगाची सुरुवातही असू शकतो. लवकर कळले तर उपाय होतो.

बाबांना तंबाखूची सवय होती. दुसऱ्याच दिवशी मुलगा त्यांना सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. गालात आत जखम होती. तुटलेला दात तिथे रोज लागत होता. दात काढला. डॉक्टरांनी तंबाखू बंद करायला सांगितली आणि पंधरा दिवसांनी पुन्हा दाखवायला बोलावले. तेव्हा जखम भरलेली होती. बाबा सध्या तंबाखूच्या डबीत बडीशेप ठेवतात आणि दिवसातून दहा वेळा ती डबी उघडतात.

वहिनींनी डब्यांना कागदाच्या पट्ट्या लावल्या आहेत. स्वतःच्या हाताने लिहिलेल्या. 'कमी' दोन, 'मध्यम' तीन, 'जास्त' एक. पहिल्या दिवशी 'मध्यम' लिहायला त्यांना बराच वेळ लागला. परवा 'जास्त'वाल्याच्या रिकाम्या डब्यात चिठ्ठी आली, "तर्री उद्या थोडी कमी चालेल." वहिनींनी ती वाचली आणि हसत हसत नवऱ्याच्या हातात दिली.